गिरिजांबा मॅडम आणि परका हात

मादेशने गिरिजांबा मॅडमना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दहीभाताच्या डब्यात वाकून बघत होत्या.

मुलाखतीसाठी आलेला मादेश म्हैसूरच्या त्या लहानशा संशोधन केंद्राच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत सुती साडीतल्या, केसांत मोगऱ्याचा एवढासा गजरा माळलेल्या एक बाई डबा उघडून बसल्या होत्या, पण जेवत नव्हत्या. गळ्यात दोऱ्याने अडकवलेलं भिंग डोळ्याला लावून त्या भाताच्या कडेला बसलेली माशी न्याहाळत होत्या. घरात त्रास देते ती मोठी माशी नव्हे. पिकल्या केळ्यावर घोंगावते ती, तिळाएवढी.

"पांढरे डोळे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आत हाक मारली, "देवराजा! तुझी लेक जेवायला आलीय रे. ने तिला घरी."

आतून एक उंच मुलगा तोंडात रबराची नळी धरून आला. त्याने नळीच्या काचेच्या टोकाने माशी अलगद ओढून घेतली.

"वळणच नाही मॅडम हिला."

"तुझ्या बाटलीचं बूच सैल. तिला कशाला बोल लावतोस?"

मग त्यांनी भिंग पदराला पुसलं आणि शांतपणे जेवायला सुरुवात केली. बाहेर बसलेला मुलगा आपल्याकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण तासाभराने मुलाखतीच्या खोलीत त्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो आनुवंशिकतेचा नव्हता.

"स्वयंपाक येतो?"

मादेश हनूरकडचा. घरची थोडी कोरडवाहू शेती, मामाची पेरूची बाग. मुलाखतीसाठी त्याने पाठ केलेल्या कशातच स्वयंपाक नव्हता. घरी रोज होणारे पिठाचे उकडलेले गोळे तेवढे त्याला आठवले. "नाचणीचे मुद्दे करता येतात, मॅडम."

"गुठळ्या होतात?"

"आईच्या होत नाहीत. माझ्या होतात."

संचालक नरसिंहय्या हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मादेशला पुढच्या महिन्यापासून यायला सांगितलं.

स्वयंपाकाचा प्रश्न थट्टेचा नव्हता, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. गिरिजांबा मॅडमकडे पीएच.डी.ला येणारा प्रत्येकजण पहिलं वर्ष माश्यांचा स्वयंपाक करायचा. मोठ्या पातेल्यात पाणी, गूळ, रवा आणि ते सगळं थिजवणारं आगर. सतत ढवळायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, बुरशी धरू नये म्हणून औषधाचे थेंब टाकायचे आणि बाटल्यांत ओतायचं. केंद्राच्या मागच्या बाजूला कायम गुळाचा वास असायचा, आणि नव्या मुलांच्या शर्टांनाही. मादेशचे वडील एकदा कामासाठी म्हैसूरला आले होते. ते सगळं बघून जाताना म्हणाले, "पोरा, तू डॉक्टर होणार म्हणून आम्ही गावात सांगितलंय. माश्यांचा आचारी होणार म्हणून नाही."

"दोन्ही एकाच वेळी होतात, अप्पा."

"मग जरा लवकर हो."

मॅडमना मात्र घाई म्हणून नव्हती. त्यांचे वडील रेशीम कारखान्यात पर्यवेक्षक होते. साडी तयार झाली की ते ती उलटी करून बघत, आणि हीच सवय मॅडमच्या अंगात उतरली होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. सरस्वतीपुरमला धाकट्या बहिणीच्या कुटुंबात राहायच्या आणि सकाळी भाजी घेऊनच केंद्रावर यायच्या. विद्यार्थी मायक्रोस्कोपवर बसला की त्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसत. काही बोलत नसत. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर बेशुद्ध पडलेल्या माश्या तो ब्रशने सरकवतोय, नर इकडे, माद्या तिकडे, आणि मॅडम शेजारी. चूक झाली तर दोनच शब्द: "पुन्हा बघ." कुठे चुकलं ते सांगत नसत. मादेश पहिल्या वर्षी त्या दोन शब्दांना इतका धसकला होता, की रस्त्यात कुणी वळून "पुन्हा बघ" म्हटलं असतं तरी तो थांबला असता.

आणि त्यांच्याकडे एक रीत होती. तिला मुलं 'परका हात' म्हणत. विद्यार्थ्याचं काम पूर्ण झालं, आकडे जमले, प्रबंध लिहायला घेतला, की मॅडम त्याच्या माश्या त्याच्याकडून काढून घेत. बाटल्यांवरची नावं झाकून टाकत, आणि सगळ्यांत नव्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवत. त्याने तोच प्रयोग पहिल्यापासून करायचा. ज्याचं काम असेल त्याला तेवढे महिने त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. निकाल जुळला तर मॅडम सही करत.

नव्या मुलांना याचा राग यायचा. एकाने एकदा विचारलंही, "मॅडम, आमच्यावर विश्वास नाही का?"

"तसं नाही रे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या आईची सांबारपूड गल्लीत कुणालाच जमायची नाही. लोक म्हणायचे, आईच्या हाताची चव. मी एकदा तिच्याजवळ उभी राहून बघितलं, तर धणे भाजताना ती शेवटी एक चमचा तांदूळ टाकायची. कुणाला सांगायची नाही असं नव्हे. तिला स्वतःलाच ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. हाताची चव म्हणजे न सांगितलेली गोष्ट. ती प्रबंधात नको."

मादेशचं काम फार सुरेख जमून आलं होतं. मामाच्या बागेत सडलेल्या पेरूंवर त्याने स्वतः माश्या धरल्या होत्या. हनूरच्या उन्हाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या त्या माश्या म्हैसूरच्या केंद्रातल्या माश्यांपेक्षा उष्णता जास्त सोसतील, असा त्याचा अंदाज होता. त्याने दोन्हींचे संकर केले, एकदा आई हनूरची आणि बाप म्हैसूरचा, एकदा उलट. त्यांच्या अळ्यांच्या नळ्या गरम पाण्यात ठेवल्या, आणि पुढे कितींच्या माश्या होतात ते मोजलं. निकाल स्वच्छ होता. आई हनूरची असेल तर पोरं तगायची. बाप हनूरचा असेल तर नाही. म्हणजे हा गुण आईकडूनच येत होता. बंगळूरच्या परिषदेत त्याने हे सांगितलं तेव्हा लोक उठून त्याच्याकडे आले. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने पीएच.डी. हातात पडताच ये म्हणून कळवलं. शिष्यवृत्ती संपायला आली होती, घरी बहिणीचं लग्न ठरत होतं, आणि मॅडमच्या एका सहीवर सगळं येऊन थांबलं होतं.

त्या वर्षीचा परका हात देचम्माचा होता. कुर्गची मुलगी, कॉफीच्या मळ्यात वाढलेली, कुणाची भीडभाड नाही. आल्याच दिवशी तिने मादेशला विचारलं होतं, "अण्णा, तुमच्या हनूरच्या माश्या इतक्या टणक, मग माणसं का अशी वाळलेली?"

"आमच्याकडे तुमच्यासारखं डुकराचं मटण नसतं रोज."

"रोज कुठे? सोमवारी नसतं."

चार महिने ती झाकल्या नावांच्या बाटल्यांवर काम करत होती आणि मादेश बाहेर प्रबंधाची प्रकरणं टाइप करून घेत होता. मग एका दुपारी मॅडमनी त्याला खोलीत बोलावलं. देचम्मा भिंतीला टेकून उभी होती.

"जुळलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे, मॅडम?"

"आई हनूरची असो की म्हैसूरची, हिच्याकडे सगळ्यांची पोरं सारखीच मेली."

मादेशने आधी मॅडमकडे पाहिलं, मग देचम्माकडे. "हिने कुमारिका नीट वेगळ्या केल्या नसतील. एक जरी आधी नराला भेटलेली मादी शिरली..."

"केल्यात," देचम्मा म्हणाली. "पहाटे येऊन केल्यात. तू झोपलेला असायचास तेव्हा."

"चार महिन्यांत हात बसतो का कुणाचा?"

"तुझा किती दिवसांत बसला?"

"भांडू नका," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत बातमी नरसिंहय्यांच्या कानावर गेली. त्यांनी मादेशला चहाला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. केंद्राचं नाव व्हावं असं त्यांना मनापासून वाटायचं. "अरे, ही रीत गिरिजांबांची आहे, विद्यापीठाच्या नियमात कुठे आहे? मुलगी नवी. तिच्याच्याने झालं नाही म्हणून तुझं खोटं होतं का? मी बोलतो त्यांच्याशी."

ते बोलले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मादेशला सांगितलं, आवाज जराही न चढवता, "संचालकांचं म्हणणं चुकीचं नाही. हात कच्चा असू शकतो. तू माझ्याकडे पाच वर्षं आहेस. तू मला सांगितलंस की हिचा हात कच्चा आहे, तर मी सही करीन. फक्त आधी एक दिवस हिच्या शेजारी बसून काम कर. तुझ्या रीतीने तू, तिच्या रीतीने ती. मग सांग."

सौदा मादेशला सोपा वाटला. आदल्या रात्री त्याने मनात वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं: मुलगी हुशार आहे, पण घाई करते.

अवरेकाईचा, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा, हंगाम होता. मॅडमनी सकाळी येताना पिशवीभर शेंगा आणल्या होत्या आणि मधलं दार उघडं ठेवून त्या आपल्या खोलीत दाणे सोलत बसल्या होत्या. त्या शेंगांचा हिरवट, जरा तुपकट वास इकडे येत होता. एका लांब टेबलावर दोन मायक्रोस्कोप, दोन दिवे, मधे माश्यांच्या बाटल्या. मादेशने नेहमीप्रमाणे हनूरच्या माद्या आधी घेतल्या. त्या त्याच्या होत्या, मामाच्या बागेतल्या. कुणीही आपलं ताट आधी वाढावं तसं त्याचं व्हायचं. माद्या निवडून झाल्या की नळीत घालायच्या, आणि नळी आडवी ठेवायची. बेशुद्ध माशी उभ्या नळीत खाली पडली तर अन्नाला चिकटून मरते, म्हणून शुद्धीवर येईपर्यंत नळी आडवी. हे देचम्माही करत होती, हे पाहून त्याला नाही म्हटलं तरी बरं वाटलं. तिची बोटं स्थिर होती. ब्रश हलका होता. घाई तर अजिबात नव्हती. जुळवलेलं वाक्य त्याला मनातल्या मनात बदलावं लागत होतं.

म्हैसूरच्या माद्या निवडायला त्याने घेतल्या तेव्हा देचम्माने मान वर केली.

"अण्णा, या कोण बाळंतिणी?"

"कुठे?"

"या काय. दिव्याखाली निजवल्यास ओळीने. शेक देतोयस का त्यांना? डिंकाचे लाडू पण देत असशील."

"शुद्धीवर येतायत. टेबलावर जागा तिथेच असते."

"मग या म्हैसूरच्या सुना कुठे जातात?"

"त्या शेवटी असतात. झाल्या की सगळ्या उचलून ट्रेमध्ये..."

मादेशचं वाक्य अर्धंच राहिलं. देचम्मा हसून पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती. तिला जे बोलायचं होतं ते एवढंच होतं, थट्टेचं. त्याने हात लांब करून दिव्याजवळच्या नळीला बोट लावलं. काच गरम होती. पोळेल अशी नव्हे. उन्हात ठेवलेल्या तांब्यासारखी. मग त्याने तिच्या ट्रेमधल्या नळीला बोट लावलं. गार.

तो उठून व्हरांड्यात गेला. बाहेर माळी पाईपने कुंड्यांना पाणी घालत होता. पाच वर्षं. दर वेळी हनूरच्या आधी, दर वेळी दिव्याजवळ, तो दुसऱ्या निवडेपर्यंत. अंडी घालायच्या आधी त्या आयांना दर वेळी ऊब मिळत होती. उन्हाची सवय पोरांना मिळाली असेल ती हनूरकडून नव्हे, त्याच्या टेबलावरच्या दिव्याकडून. देचम्माकडे तशी ऊब कुणालाच मिळाली नव्हती, आणि तिच्याकडे कुणीच तगलं नव्हतं.

हे फक्त त्याला समजलं होतं. आत दोघी आपापल्या कामात होत्या. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, हात कच्चा आहे, आणि मॅडम सही करणार होत्या. त्या शब्दाला जागणाऱ्या बाई होत्या. परदेशातलं पत्र ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं होतं. वडिलांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि देचम्मा? तिच्या नावापुढे कच्चा हात लागला असता. पुढची चार वर्षं तिला प्रत्येक बाटलीमागे ते ऐकावं लागलं असतं.

माळ्याने पाणी बंद केलं तेव्हा मादेश आत गेला. मॅडमसमोर सोललेल्या दाण्यांची रास होती.

"मॅडम, हिचा हात पक्का आहे."

मॅडमनी वर पाहिलं.

"माझ्याच हातात काहीतरी होतं," तो म्हणाला आणि त्याने दिव्याचं सगळं सांगितलं. देचम्मा दारात येऊन उभी राहिली होती. तिने तोंडावर हात ठेवला.

मॅडमच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विचारलं, "नळी दिव्यापासून किती लांब असायची?"

"वीतभर."

"नेहमी?"

"जवळजवळ नेहमी."

"मग आता मुद्दाम कर. म्हैसूरच्या आया दिव्याजवळ, हनूरच्या लांब. वीत नको, पट्टीने मोज. आणि थर्मामीटर लाव."

"मॅडम, म्हणजे हनूरच्या माश्यांत काहीच नाही."

"तसं दिसतंय." त्यांनी शेंग सोलली. "आईला ऊब मिळाली तर पोर तगतं का, हे तू शोधायला गेला नव्हतास. पण बघायला हरकत काय?"

देचम्मा म्हणाली, "अण्णा, मी थट्टा करत होते रे. मला काय माहीत..."

"गप्प बस," मादेश म्हणाला, आणि मग त्याला रडू आलं. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सोलायच्या शेंगांची पिशवी तेवढी टेबलावरून त्याच्या बाजूला सरकवली. तोही सोलायला बसला. थोड्या वेळाने देचम्माही बसली.

म्हैसूरच्या आया दिव्याजवळ ठेवल्या तेव्हा त्यांचीही पोरं तगली. हनूरच्या लांब ठेवल्या तेव्हा तगली नाहीत. हा प्रयोग देचम्माने वेगळा केला आणि या वेळी दोघांचं जुळलं.

पुढच्या हिवाळ्यात बंगळूरच्या त्याच परिषदेत मादेशला उभं राहून सांगायचं होतं की गेल्या वर्षीचं आमचं म्हणणं मागे घेतो. पत्राने कळवलं तरी चालेल, असं नरसिंहय्या म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "बोललो तोंडाने, मग मागेही तोंडाने घेऊ," आणि स्वतः बरोबर निघाल्या. बसमध्ये त्यांनी त्याला इडल्या खायला लावल्या. उपाशीपोटी माणूस फार माफी मागतो, म्हणाल्या. सभागृहात तो बोलत असताना मागे कुणीतरी हसलं. एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे ही चूक तुमच्या मार्गदर्शकांच्या नजरेतून पाच वर्षं सुटली?"

मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या.

"सुटली," त्या म्हणाल्या. "मी शेजारी बसायची ती माश्यांकडे बघायला. दिव्याकडे मी बघितलं नाही." आणि बसल्या.

परदेशातल्या प्रयोगशाळेने सौजन्याने नकार कळवला. शिष्यवृत्ती संपली. मादेशने कोळ्ळेगालच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी धरली आणि शनिवारी-रविवारी म्हैसूरला येऊ लागला. मधल्या दिवसांत त्याच्या माश्या देचम्मा सांभाळायची आणि दर शनिवारी आठवड्याचा हिशेब ऐकवायची, "तुझ्या सुना खाऊन पिऊन सुखी आहेत, अण्णा. सासरा तेवढा वाळलाय." नवा प्रबंध आधीच्यापेक्षा बारीक झाला. त्यात हनूरचं नाव फक्त माश्या कुठून आणल्या त्या ओळीत राहिलं. तो प्रबंधही परक्या हातातून गेला, आणि मग मॅडमनी सही केली. मादेशचे वडील पदवीदानाला पांढरा फेटा बांधून आले आणि मॅडमना त्यांनी मामाच्या बागेतले पेरू दिले. "निवडून आणलेत," ते म्हणाले. "एकातही माशी नाही."

"अरेरे," मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मादेशने त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं.

मादेश आता चामराजनगरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. देचम्मा मडिकेरीला असते. गिरिजांबा मॅडम निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्या सरस्वतीपुरमला बहिणीच्या घरी वरच्या मजल्यावर राहतात, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत, आणि सकाळची भाजी आता त्यांची भाची आणते.